तीस मीटर केबल आणि दोन मिलिसेकंद

आदरणीय सर,

नाव टाकलंस तर यापुढे फोन उचलणार नाही, अशी तुमची तंबी आहे. म्हणून नुसतं 'सर'. पण पाऊच कापणाऱ्या मशीनचा बिघाड फोनवरून मला शोधायला शिकवलात, त्याचे आभार चारचौघांतच मानणार. कारण माझ्यासारखा कुणीतरी आजही कुठल्यातरी एमआयडीसीत बसून कटरचं ब्लेड बदलत असेल.

पहिल्या फोनवर मी काय रडगाणं गायलो होतो, आठवतंय? पाऊच आय-मार्कवर, म्हणजे फिल्मवर छापलेल्या कापायच्या खुणेवर, कापलं जात नाही, तीन ब्लेडं बदलली, सर्व्हो मोटर पुन्हा ट्यून केली, फिल्मचा रोलसुद्धा बदलून पाहिला. चाकणमधली आमची ती लाइन सेकंदाला एक मीटर फिल्म ओढते. म्हणजे एक मिलिसेकंद चुकला की कट एक मिलिमीटर सरकला. आमचा दोन मिलिमीटर सरकत होता, तोही अधूनमधून.

तुम्ही एवढंच विचारलंत, "दोन्हीकडे सरकतो की एकाच बाजूला?"

ते मी पाहिलंच नव्हतं. रात्री क्रेटमधले खराब पाऊच जमिनीवर मांडले आणि पट्टी घेऊन पन्नासेक मोजले. सगळे एकाच बाजूला! कटर दर वेळी लवकर येत होता, उशिरा एकदाही नाही. "मग ब्लेडला सोड," तुम्ही म्हणालात. "बोथट ब्लेड फिल्म फाडतं, घाई करत नाही."

घड्याळांचा संशय मला आला नव्हता असं नाही. आमच्याकडे पीसी हिशोब करून कटरला 'अमुक वाजता काप' असा निरोप धाडतो, तेव्हा दोघांच्या घड्याळात एकच वेळ हवी. त्यासाठी पीटीपी, म्हणजे नेटवर्कवरून घड्याळं जुळवण्याची पद्धत (आयईईई १५८८ मानकाची २००८ ची आवृत्ती), चालू होती. लॉगमध्ये ऑफसेट, म्हणजे दोन घड्याळांतला फरक, शून्याच्या आसपास. छाती फुगवून सांगितलं, घड्याळं चोख आहेत. तुमचा प्रश्न आला, "कोणाच्या मते?"

मग तुम्ही मला कागद घ्यायला लावलात. पीसीकडून निरोप निघाला ती वेळ टी-१, कटरला पोचला ती टी-२. कटरकडून परतीचा निरोप निघाला ती टी-३, पीसीला पोचला ती टी-४. जायचा आणि यायचा वेळ मिळवून निम्मा केला की एका बाजूचा वेळ मिळतो, आणि त्यावरून घड्याळातला फरक. हे सगळं मला पाठ होतं. त्या निम्म्यामध्ये 'जाताना आणि येताना सारखाच वेळ लागतो' हे गृहीत धरलेलं आहे, ते मात्र कधी डोक्यात शिरलं नव्हतं. ते गृहीतक मोडलं तर कटरला स्वतःची चूक दिसूच शकत नाही. तो प्रामाणिकपणे शून्य दाखवत राहतो.

"ऑफसेट सोड, डिलेचा रकाना वाच." वाचला. डिले म्हणजे तोच एका बाजूचा वेळ; एरवी दहा-पंधरा मायक्रोसेकंद. खराब पाऊच पडतात त्या वेळी दोन मिलिसेकंद. केबल किती लांब, तुम्ही विचारलंत. तीस मीटर, मी म्हणालो. "दोन मिलिसेकंदांत सिग्नल केबलमधून चारशे किलोमीटर जातो. तुझी केबल गोव्यापर्यंत जाते काय रे?"

मला हसू आलं नाही त्या वेळी, खरं सांगतो.

गोवा सापडला तो पॅनेलमधल्या साध्या आठ पोर्टच्या नेटवर्क स्विचमध्ये, म्हणजे सगळ्या केबली जोडणाऱ्या डब्यात. महिन्यापूर्वी आम्ही तपासणीचा दुसरा कॅमेरा बसवला होता. दोन्ही कॅमेऱ्यांची चित्रं पीसीच्या पोर्टवर गर्दी करायची आणि कटरचा परतीचा निरोप त्या रांगेत चार मिलिसेकंद अडकायचा. जाताना रस्ता मोकळा, येताना चार, निम्मे दोन. दोन मिलिसेकंद, दोन मिलिमीटर. तुम्ही फोन ठेवल्यावर मी ती बेरीज तीनदा केली.

नवा स्विच आला. निरोप आपल्या पोटात किती वेळ थांबला ते हा स्वतः मोजून त्या निरोपावरच लिहितो, त्यामुळे घड्याळं जुळली. पण ड्राइव्हकडून, म्हणजे मोटर चालवणाऱ्या यंत्राकडून, येणारी फिल्मची पोझिशन अजूनही चित्रांच्या मागे अडकत होती. त्यासाठी गेटचं वेळापत्रक, म्हणजे स्विचमधून कोणता निरोप केव्हा सुटेल ते ठरवणारं ८०२.१ क्यूबीव्ही मानक. एक मिलिसेकंदाचं चक्र, त्यात पहिले २०० मायक्रोसेकंद फक्त ड्राइव्हचे, उरलेले चित्रांचे. वाटलं, झालं काम. पण पीसीपर्यंतचा दुवा १०० मेगाबिटचा. त्यावर चित्राच्या डेटाची एक मोठी फ्रेम (एका वेळी जाणारा तुकडा) जायला १२० मायक्रोसेकंद लागतात. ती आयत्या वेळी निघाली की ड्राइव्हचा अर्ध्याहून जास्त वेळ खाणार. म्हणून गेट उघडण्याआधी तेवढा वेळ रस्ता रिकामा ठेवायचा. हजारातले सव्वाशे मायक्रोसेकंद नुसते वाया घालवायचे, हे मला पटेना आणि तुमच्याशी मी चक्क वाद घातला. त्याबद्दल माफी.

तरीही पोझिशन उशिराच. ड्राइव्ह गेट बंद झाल्यावर निरोप पाठवत होता. एसटी सुटल्यावर स्टँडवर पोचणाऱ्या पाहुण्यासारखा पुढच्या गाडीपर्यंत ताटकळायचा. त्याचं चक्र गेटच्या चक्राशी जुळवलं तेव्हा कुठे सुटलो. मधे एकदा कटरने सगळे हुकूम 'वेळ निघून गेली' म्हणून फेटाळले, ते तर तुम्ही ऐकताक्षणी ओळखलंत: पीसी यूटीसीत (नेहमीच्या जागतिक वेळेत) बोलतोय, पीटीपी टीएआयमध्ये (लीप सेकंद न धरणाऱ्या अणुघड्याळांच्या वेळेत), आणि २०१७ पासून दोन्हींत ३७ सेकंदांचं अंतर आहे.

सर, तुम्हाला आमच्या पीसीत शिरून हे अर्ध्या तासात करता आलं असतं. मी तशी विनवणीही केली होती. तुम्ही नाही म्हणालात, त्याचा तेव्हा राग आला होता. आता पॅनेलच्या दाराच्या आत तो चार वेळांचा कागद चिकटवलाय. तुम्ही व्हॉट्सअॅपवर लाल गोल करून परत पाठवलेला फोटोच छापून घेतला. रात्रपाळीचा पोरगा त्यावरून मला डिलेचा रकाना वाचून दाखवतो.

मॅनेजमेंटला आता तिसरा कॅमेरा हवाय. चित्रांच्या वाट्याला ६७५ मायक्रोसेकंद उरतात, त्यात तो बसत नाही असा माझा हिशोब आहे. रविवारी पाठवतो. लाल पेन तयार ठेवा.

तुमचा,
ब्लेडवाला