खाडा

ठाणे,
रविवार, रात्री साडेनऊ

प्रिय बाळ्या,

सप्रेम नमस्कार. रोज फोनवर नुसतं ‘सुप्रभात’ ढकलणारा माणूस एकदम पत्र लिहायला बसला म्हणून दचकू नकोस. सगळे ठीक आहेत. आईची कंबर तेवढी कुरकुरते, पण ती पाऊस आला की कुरकुरतेच.

तुला सांगितलं नव्हतं. एप्रिलमध्ये माझी तीन महिन्यांची साखर ६.३ निघाली. मधुमेह साडेसहापासून धरतात, म्हणजे मी अगदी उंबऱ्यावर. आणि ही तपासणी फसवता येत नाही रे. उपाशीपोटीची साखर एक वेळ दोन दिवस पथ्य करून आटोक्यात दाखवता येते. पण रक्तातल्या तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात आणि तेवढ्या दिवसांचा हिशोब बाळगून असतात. आदल्या रात्री मुकाट्याने भाकरी-भाजी खाल्ली, तरी पाडव्याचं श्रीखंड रिपोर्टात हजर!

घरी येऊन पहिल्यांदाच चहा मोजला. घरात दोन, ऑफिसात चार. कपाला दीड चमचा साखर, म्हणजे दिवसाला नऊ चमचे. चमचा चार ग्रॅमचा धरला तरी महिन्याला किलोभर साखर मी नुसती पीत होतो. आणि डॉक्टरांना मी काय सांगितलं होतं? ‘गोड फारसं खात नाही.’ खोटं बोलत नव्हतो. मला खरंच तसं वाटत होतं.

मग पुतण्याने फोनमध्ये एक अ‍ॅप घालून दिलं. चाललास की टिचकी मारायची, सलग किती दिवस झाले ते मोठ्या आकड्यात दिसतं. अकरा दिवस छान गेले. बाराव्या दिवशी एका लग्नाला पनवेलला गेलो, आणि दुसऱ्या दिवशी आकडा काय तर शून्य. अकरा दिवस पुसलेच की! मी रागाने अ‍ॅप काढून टाकलं आणि त्याबरोबर चालणंही.

आमच्या स्वयंपाकघरात फ्रीजशेजारी कालनिर्णय टांगलेलं असतं, तुला आठवत असेल. दोऱ्याला पेन्सिल बांधलेली. त्यावर आई दुधाचा हिशोब ठेवते, अजून जुन्या पद्धतीने. अर्धा लिटरला ०॥, दीडला १॥, आणि दूधवाला आला नाही की ‘खा’. खाडा. मे महिन्याच्या अखेरीला ती खाडे मोजत होती आणि मी समोर चहा पीत होतो (चौथा). मनात आलं, दूधवाल्याचा खाडा, कामवाल्या मावशींचा खाडा आपण किती चोख मांडतो. आपले स्वतःचे कुठेच नाहीत.

एक जूनपासून त्याच चौकोनात माझी नोंद सुरू केली. तलावपाळीला तीन फेऱ्या झाल्या की ‘चा’, म्हणजे चाललो, आणि शेजारी चहाच्या कपांचा आकडा. जागा इतकी कमी, की तिथी, चतुर्थी आणि दूध सांभाळून जेमतेम दोन अक्षरं मावतात. तेच बरं. पूर्वी मी डायऱ्या आणायचो, सतरा संकल्प लिहायचो आणि दहा जानेवारीला त्या डायरीत वाण्याची यादी असायची.

आता लाजिरवाणा भाग. जुलैत एकदा पाऊस नुसता कोसळत होता. मी लोळत पडलो, आणि आठ वाजता उठून निमूटपणे ‘चा’ लिहून टाकलं. कुणासाठी, देव जाणे. माझ्या साखरेशी माझ्याशिवाय कुणाला काय देणं-घेणं? पण लिहिलं. संध्याकाळी बघतो तर ‘चा’वर आडवी रेघ, आणि शेजारी आईच्या वळणदार अक्षरात ‘खा’. मी काही बोललो नाही. तीच म्हणाली, “एवढ्या पावसात चपला कोरड्या कशा रे राहिल्या तुझ्या?”

बावन्न वर्षांचा घोडा मी. कान गरम झाले.

पण त्यानंतर एक बदल झाला. ‘खा’ लिहायची भीती गेली. जूनमध्ये बारा खाडे, जुलैत चौदा, ऑगस्टमध्ये सहा. दूधवाला एक दिवस आला नाही म्हणून आपण रतीब तोडतो का? दुसऱ्या दिवशी तो येतो, आपण पातेलं पुढे करतो. सवय एकवीस दिवसांत लागते असं सगळे छातीठोकपणे सांगतात ना, तेही खरं नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातल्या संशोधकांनी ९६ जणांवर केलेला एक अभ्यास २०१० साली छापून आला. त्यात मधला आकडा ६६ दिवसांचा निघाला. कुणाला १८ पुरले, तर कुणाला २५४ लागतील असा हिशोब आला. आणि मधला एखादा दिवस चुकला म्हणून कुणाचं फारसं अडलं नाही. हे वाचून पनवेलच्या त्या लग्नाची आठवण झाली.

गेल्या आठवड्यात पुन्हा तपासलं. ५.९. चहा तीनवर आलाय. चौथ्याची तलफ दुपारी चारला अजून येते, नाही असं नाही.

आता तुझ्याकडे येतो. रागावू नकोस, वहिनींचा फोन आला होता. रक्तदाबाच्या गोळ्या तू दोन-दोन दिवस विसरतोस आणि विचारलं की ‘घेतली ना’ म्हणतोस. अजिंक्यतारा तर तू दिवाळीपासून चढलेला नाहीस म्हणे. कॉलेजात तूच मला पहाटे पाचला उठवून गडावरच्या मंगळाईच्या देवळापर्यंत पळवायचास, ते मी विसरलेलो नाही. मला उपदेश करायचा नाही, माझे बारा आणि चौदा खाडे तुला सांगून झालेत. एवढंच कर. गोळी घेतली की चौकोनात ‘गो’, नाहीतर ‘खा’. दर रविवारी रात्री मी माझ्या पानाचा फोटो पाठवीन, तू तुझ्या. कारणं लिहायची नाहीत. चपला मात्र मी विचारणार.

सोबत एक कालनिर्णय पाठवतोय. वर्ष संपायला साडेतीन महिने उरलेत, पण दुकानात एक प्रत पडून होती आणि त्याने निम्म्या किमतीत दिली. आई विचारतेय, तुमच्या स्वयंपाकघरात खिळा आहे का? नसेल तर तोही पाठवते म्हणाली.

काकांना नमस्कार, वहिनींना मी पत्र लिहिल्याचं सांगू नकोस.

तुझा,
अन्या