एकच मलम सगळ्याला चालत नाही

महोदय,

आपल्या आरोग्य पुरवणीतला, ओठांवर-गुप्तांगावर फोड आणणाऱ्या हर्पिस सिम्प्लेक्स या विषाणूवरचा लेख वाचला. विषाणू मज्जातंतूंत कसा दडून बसतो, पुन्हा का उसळी मारतो, हे नेमके सांगितले आहे. पण फोड फुटल्यावर त्या जखमेत दुसरे जंतू शिरले तर काय, याला लेखात जेमतेम एक ओळ मिळाली. खरा घोळ तिथेच होतो.

ओठावर किंवा गुप्तांगावर पाण्याने भरलेले बारीक फोड झुबक्याने येतात, फुटतात. ओठावरचे सहसा ७ ते १० दिवसांत खपली धरून आपसूक बरे होतात. मधल्या काळात फोडातले पाणी गढूळ दिसू लागते आणि ‘पू झाला’ म्हणून लोक मनानेच अँटिबायोटिक सुरू करतात. विषाणूवर त्याचा काडीचा उपयोग नाही. उलट त्या गोळ्यांनी शरीरातले निरुपद्रवी जिवाणू मेले की कँडिडा या बुरशीला रान मोकळे होते.

जिवाणूंचा संसर्ग खरोखर झाला तर चित्र वेगळे असते. कमी होत आलेली ठणक पुन्हा वाढते, लाली जखमेची कड ओलांडून पसरते, जागा गरम लागते, घट्ट पू येतो किंवा मधाच्या रंगाची चिकट खपली जमते. ही करामत बहुधा स्टॅफिलोकोकस किंवा स्ट्रेप्टोकोकस या जिवाणूंची. स्टॅफिलोकोकस तर कित्येकांच्या नाकात, कातडीवर एरवीही मुक्कामाला असतो. खपली खरवडणारे नख त्याला जखमेत नेऊन सोडते. इथे मात्र डॉक्टरांनी दिलेले अँटिबायोटिक घ्यावेच लागते. निव्वळ तापावरून निदान करू नये, कारण पहिल्यांदाच होणाऱ्या हर्पिसमध्ये ताप आणि गळ्यातल्या किंवा जांघेतल्या गाठी विषाणूमुळेही येतात.

बुरशीला ओलावा लागतो. जांघ, गुप्तांग, ओठांचे कोपरे या तिच्या जागा. पांढरट थर, खाज, लाल चट्ट्याभोवती विखुरलेल्या बारीक पुळ्या दिसल्या, त्यातून मधुमेह असला, तर तिचा संशय घ्यावा.

आता माझा मुख्य आक्षेप. स्टिरॉइड, अँटिबायोटिक आणि बुरशीनाशक एकत्र असलेले मलम बरेच जण या तिन्हींवर बिनदिक्कत चोळतात. दोन दिवस लाली उतरते, माणूस खूश. त्या मलमात विषाणूवर काहीच नसते, आणि स्टिरॉइड तिथली प्रतिकारशक्ती दाबते, त्यामुळे विषाणू आणि बुरशी दोघांचेही फावते. डोळ्यातल्या हर्पिसवर मनाने स्टिरॉइडचे थेंब घातले तर बुबुळावरचा व्रण चिघळून दृष्टीवरच बेतू शकते.

बोटावरच्या हर्पिसची गत याहून विचित्र. नखाशेजारी सूज, असह्य ठणक, म्हणून नखुरडे समजून चिरा दिला जातो. आत पू नसतोच. चिऱ्यातून जिवाणूंना मात्र वाट मिळते.

जखम महिना उलटूनही भरत नसेल, तर मलमे बदलत बसण्यापेक्षा एचआयव्हीसह प्रतिकारशक्तीच्या तपासण्या कराव्यात. एक्झिमा (इसब) असलेल्या मुलाच्या अंगभर असे फोड उठले, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. पुढच्या अंकात एखाद्या त्वचारोगतज्ज्ञांकडून यावर सविस्तर लिहून घ्यावे, ही विनंती.

आपली,
एक नियमित वाचक