मूळ पिस्टन भंगारात, इंजिन पुन्हा जाम

प्रति,
व्यवस्थापक,
इंजिन रिकंडिशनिंग विभाग

विषय : लेखी सूचना डावलून केलेले बोअरिंग, न विचारता बदललेला पिस्टन आणि त्यामुळे १८ मिनिटांत जाम झालेले इंजिन

महोदय,

माझ्या तक्रारीवर तुमच्या विभागाचे दोन ओळींचे उत्तर आले : ‘तेलाअभावी पिस्टन धरला. इंजिन ग्राहकाने स्वतः जोडल्यामुळे वॉरंटी लागू नाही.’ या ओळी कोणी लिहिल्या ते मला माहीत नाही. पण लिहिणाऱ्याने माझे जॉब कार्ड उघडूनही पाहिलेले नाही, एवढे नक्की. म्हणून सगळे पहिल्यापासून लिहितो. पत्र लांबले तर राग मानू नये. दोन ओळींत आटपण्यासारखे हे प्रकरण नाही.

इंजिन जुने आहे. आडवे, एका सिलिंडरचे, दोन्ही बाजूंना फ्लायव्हील, वर पाण्याचा उघडा हौद आणि पेट्रोलवर चालणारे. बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, ४ इंच. माझ्याकडे आले तेव्हा ते पूर्ण जाम होते. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडा असतानाच कधीतरी बंद पडले असावे. त्या वाटेने पाणी आत गेले आणि पिस्टन जिथे थांबला होता तिथेच भोवतीच्या रिंगांसकट गंजून बसला. हेड उघडले तर पिस्टनच्या पुढे सिलिंडरच्या भिंतीवर गंजाचा जाड कंगोरा.

ते सोडवायला मला साडेतीन महिने लागले. घाई करणाऱ्याचे काय होते ते मी पाहिलेले आहे : फ्लायव्हीलच्या कडेवर घण घालतात आणि बिडाची आरी तडकते. मी आधी पिस्टनपुढचा गंज पॉलिश पेपरने साफ केला, कारण तो कंगोरा तसाच ठेवून पिस्टन ढकलला तर पाचर मारल्यासारखा आणखी घट्ट होतो. मग इंजिन उभे कलते करून ऑटोमॅटिक गिअरचे तेल आणि अॅसिटोन निम्मे-निम्मे पिस्टनवर ओतत राहिलो. कधी सिलिंडरची ती वाटी तशीच भरलेली दिसायची, कधी रात्रीतून बोटभर उतरलेली. उतरली की समजायचे, रिंगांच्या फटीत काहीतरी शिरते आहे.

शेवटी हेडच्या स्टडवर जाड लोखंडी पाटा बसवला, आतली जागा ग्रीसने ठासून भरली आणि ग्रीसगनने दाब दिला. ४ इंची पिस्टनचे तोंड म्हणजे ८१ चौरस सेंटिमीटर. दर चौरस सेंटिमीटरला ५० किलो दाब दिला तरी पिस्टनच्या सगळ्या तोंडावर मिळून ४ टनांचे बळ पडते, तेही एकसारखे, एकही ठोका न मारता. संध्याकाळी दाब देऊन सोडले. सकाळी गनचा दांडा एकदम हलका लागला. पिस्टन २ मिलिमीटर सरकला होता. त्या दिवशी मी दुसरे काहीही केले नाही.

पिस्टन बाहेर आला तो अखंड. बिडाचा, जड, स्कर्टवर, म्हणजे रिंगांखालच्या गोल भिंतीवर, एक ओरखडा नाही. रिंगा मात्र खोबणीत गंजून तुटल्या. सिलिंडरमध्ये, जिथे पिस्टन बसून होता तिथे, नखाला लागतील असे खड्डे होते. ते खड्डे आणि नव्या रिंगा एवढ्याच कामासाठी मी तुमच्याकडे आलो. जॉब कार्डावर माझ्या हाताने लिहिलेले वाक्य असे आहे : ‘सिलिंडरमध्ये स्लीव्ह टाकून मूळ मापाला आणणे. मूळ पिस्टनच वापरायचा आहे, बदलू नये.’ खाली तुमच्या माणसाची सही आहे. प्रत सोबत जोडली आहे.

परत काय आले? स्लीव्ह, म्हणजे सिलिंडरच्या आत बसवायची नळी, नाही. सिलिंडर आतून कोरून ०.७५ मिलिमीटर मोठा बोअर केलेला. सोबत कुठल्यातरी दुसऱ्या इंजिनाचा नवा अॅल्युमिनियमचा पिस्टन, त्याला साजेशी गजन पिन (पिस्टनला कनेक्टिंग रॉडशी जोडणारी), आणि एक छापील चिठ्ठी : ‘क्लिअरन्स ०.०८ मिमी. तपासले.’ क्लिअरन्स म्हणजे पिस्टन आणि सिलिंडर यांच्यातली मोकळी जागा. मी लगेच फोन केला. मूळ पिस्टन कुठे आहे विचारले तर उत्तर मिळाले, ‘जुने पार्ट आम्ही ठेवत नाही, स्क्रॅपला जातात.’ अॅल्युमिनियम का, असे विचारले तर, ‘हल्ली सगळीकडे हाच चालतो. क्लिअरन्स त्याच हिशोबाने ठेवलेला आहे, बिनधास्त चालवा.’

इथे माझीही चूक झाली, ती कबूल करतो. मी रिंगांची फट मोजली. ती ०.३५ मिलिमीटर, म्हणजे ४ इंचाच्या बोअरला बरोबर होती. स्कर्टपाशी फिलर गेज, म्हणजे फट मोजायची पातळ पट्टी, घातली, तेही ०.०८ चेच निघाले. चिठ्ठीतला आकडा खरा होता. तो कोणत्या धातूसाठी आहे, हा प्रश्न मी फोनवरच्या शब्दावर सोडून दिला आणि इंजिन जोडून चालू केले.

बीड एका अंशाला मीटरमागे साधारण ११ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) वाढते, पिस्टनचे अॅल्युमिनियम त्याच्या जवळपास दुप्पट. १०० मिलिमीटरच्या आसपासचा पिस्टन १०० अंशांनी तापला तर बिडाचा ०.११ मिलिमीटर फुगेल, अॅल्युमिनियमचा ०.२ च्या पुढे जाईल. हौदातले पाणी तापेपर्यंत सिलिंडर फार तर ०.०८ ने मोठा होतो. वजाबाकी तुम्हीच करून पाहा. ०.०८ च्या क्लिअरन्समध्ये बिडाचा पिस्टन आरामात फिरला असता. अॅल्युमिनियमच्या पिस्टनला तेवढी जागा पुरत नाही. तुमच्या कारागिराने धातू बदलला, पण हिशोब जुन्याच धातूचा ठेवला.

आता १८ मिनिटांबद्दल. या इंजिनाचा गव्हर्नर, म्हणजे वेग आवरणारा भाग, ‘हिट अँड मिस’ जातीचा आहे. वेग पुरेसा झाला की तो एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडा धरतो आणि इंजिन पेट न घेता नुसते फिरते. वेग उतरला की पुन्हा एक ठोका. लोड नसताना एक ‘फट्’ आणि मग सात-आठ वेळा ‘फुस, फुस’ अशी त्याची चाल असते. पहिली दहा मिनिटे अगदी तशीच होती. मग मधले ‘फुस’ कमी होऊ लागले. पाच, चार, दोन. लोड तर काहीच नव्हता. बारा-तेरा मिनिटांनंतर मी हौदातले पाणी पाहिले, नुसते कोमट. तेलाची कुपी पाहिली, काचेतून मिनिटाला बारा थेंब नेमाने पडत होते. शेवटी मधे एकही ‘फुस’ न होता इंजिन सलग पेट घेऊ लागले, तेव्हा पिस्टनच आत अडतो आहे असा डोक्यात प्रकाश पडला आणि मी इग्निशन तोडले. एरवी तोडल्यावर ही फ्लायव्हीले कितीतरी वेळ फिरत राहतात. त्या दिवशी अर्ध्या फेरीत थांबली.

तेलाअभावी पिस्टन धरला म्हणता? दोन तासांनी गार झाल्यावर फ्लायव्हील हाताने फिरले. तापल्यावर धरतो आणि गार झाल्यावर सोडतो, तो फुगल्यामुळे धरलेला असतो. उघडून पाहिले तेव्हा सिलिंडरच्या भिंती तेलाने ओल्या होत्या, रिंगांच्या कडा स्वच्छ होत्या आणि स्कर्टवर गजन पिनच्या दोन्ही बाजूंना मिळून चार जागी धातू चोपडला गेला होता. भिंतीला चिकटलेले अॅल्युमिनियम कॉस्टिक सोड्याने निघते, बिडाला धक्का लागत नाही, हे मला ठाऊक आहे. तरी मी ते काढलेले नाही. तुमचा माणूस येऊन बघेपर्यंत ते तसेच राहील. फोटो जोडले आहेत.

आणखी एक गोष्ट, जी तुमच्या उत्तरात औषधालाही नाही. मूळ पिस्टन पाठवण्याआधी मी वजन केला होता : २ किलो ८५० ग्रॅम. नवा १ किलो २०० ग्रॅम. फ्लायव्हीलमधली समतोलाची वजने जड पिस्टनच्या हिशोबाने ओतलेली असतात. म्हणून त्या १८ मिनिटांत इंजिन लाकडी ओंडक्यांसकट वीतभर पुढे सरकले. क्लिअरन्स वाढवून हाच पिस्टन पुन्हा घालून देतो, असा तोडगा सुचवणार असाल तर तो आधीच नाकारतो.

मला हवे आहे ते असे. सिलिंडरला स्लीव्ह टाकून मूळ माप, तुमच्या खर्चाने. मूळ पिस्टन आणि त्याची गजन पिन परत. पिस्टन खरोखरच वितळला असेल तर त्याच वजनाचा आणि मापाचा बिडाचा पिस्टन लेथवर बनवून द्यावा. नुसती नुकसानभरपाई देऊन भागणार नाही. बोअरिंगची मजुरी परत. आणि ‘ग्राहकाची चूक’ हा तुमच्या नोंदीतला शेरा लेखी मागे घ्यावा. पंधरा दिवस वाट पाहीन, त्यानंतर हीच कागदपत्रे ग्राहक न्यायालयात जातील.

स्क्रॅपचा ढीग अजून उचलला गेला नसेल तर हे पत्र हाती पडताच कुणालातरी तिकडे पाठवा. पिस्टनची खूण सांगतो : तोंडावर पंचने मारलेले तीन ठिपके आहेत, एका रेषेत, फ्लायव्हीलच्या चावीकडची बाजू ओळखता यावी म्हणून मी मारलेले. वरच्या खोबणीत तुटक्या रिंगेचा एक तुकडा अजून अडकलेला असेल. तो काढू नका, मी काढीन.

आपला,
जॉब कार्डावर सही असलेला ग्राहक

सोबत : जॉब कार्डाची प्रत, तुमची क्लिअरन्सची चिठ्ठी, सिलिंडर आणि पिस्टनचे फोटो