कांदा चिरण्याआधी

चि. सोनू,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या पोह्यांचा फोटो पाहिला. काही फोडी करपलेल्या, काही कच्च्या. गॅसला दोष देऊ नकोस, कांदाच लहानमोठा चिरलेला दिसतोय. फोडी एकसारख्या असल्या की एकदम शिजतात.

सुरी पार मुठीच्या टोकाला धरू नकोस. पात्याच्या बुडाशी अंगठा आणि तर्जनीची चिमूट, बाकी तीन बोटं मुठीवर. डाव्या हाताची बोटं आत दुमड आणि पातं पेरांना टेकवून चालव. बोर्डाखाली ओलं फडकं घाल, म्हणजे तो सरकत नाही. सुरी हातातून सुटली तर झेलायला जाऊ नकोस, पाय मागे घे.

कांद्याचे शेंड्यापासून मुळापर्यंत उभे दोन तुकडे कर. सालं काढ, पण मुळाकडचं बूड ठेव. पाकळ्या त्यानंच धरलेल्या असतात. सपाट बाजू खाली टेकव, बुडाला न लागता उभ्या चिरा दे, मग आडवं चिरत बुडाकडे ये. मिसळीवरचा बारीक कांदा असाच होतो. हॉटेलवाले सुरी बोर्डाला समांतर धरून कांद्याच्या मधून एक चीरही देतात. ती तू सोड. कांद्याला थर आधीच असतात, उगाच बोट कापशील. वाटणाला मात्र उभा पातळच चीर.

बोथट सुरीनं कांदा चेंगरतो, तिखट वाफ सुटते आणि डोळे चुरचुरतात. म्हणून धार सांभाळ. तो दोरी ओढायचा चॉपर तर आणूच नकोस. त्यातला कांदा पाणी सोडतो, परतायला घेतला की आधी उकडतोच! भांडीबाजारातली आपली विळी मागत होतास, ती काही पाठवत नाही. तिच्यावर मांडी घालून बसायला तुझ्या ओट्यापाशी जागा कुठाय?

काचऱ्यांना बटाटा पातळ, रश्शाला मोठ्या फोडी. भरल्या वांग्याला देठ ठेवून चार चिरा. भेंडी धुऊन पुसून कोरडी झाली की मगच चीर, नाहीतर तार सुटते. काकडी हातात धरून कोचवणं आजीचं काम, तू बोर्डावर बारीक चीर.

बाबांबरोबर लासलगावचा उन्हाळ कांदा देतेय, कांदाचाळीत साठवलेला. पिशवीतून काढून पसरून ठेव, बटाट्यांपासून लांब. हिवाळ्यातला लाल कांदा असा टिकत नाही, तो लागेल तसाच आण.

तुझी,
आई