आई-बाबा, आम्ही इथंच राहायचं ठरवलंय

ती. आई-बाबा,
सा. न.

फोनवर हा विषय काढला की आईचा आवाज पडतो आणि बाबा टीव्हीचा आवाज वाढवतात, म्हणून लिहूनच कळवतोय. इथं जर्मनीत, हॅम्बर्गमध्ये, कायमच्या नोकरीच्या कागदांवर मी सही केली. जूनमध्ये सगळं गुंडाळून परत यायचं म्हणत होतो, ते आता नाही. घाईत केलेलं नाही हं. ओजसची शाळा, हिचा अर्धवट राहिलेला कोर्स, पुण्याच्या नोकरीचा पगार, सगळं चारचारदा मांडून बघितलं. आणि पुण्यात असतो तरी दर शनिवारी कोल्हापूर गाठलं असतं असं थोडंच आहे? बारक्या काकांचं बघताच आहात. (आई, हे वाक्य सोडून दे.)

बाबा, तुम्ही विचारलं होतं, "पोराला तिथं फुटबॉल तरी आहे काय?" आहे. घरापासून चालत जाण्यासारखं आल्टोना ९३ या फुटबॉल क्लबचं मैदान आहे. परवा रविवारी तिघंही मॅचला जाऊन आलो, आणि ओजसचं नाव तिथं घातलं.

हा क्लब मोठ्या लीगमधला नाही. खेळणारे बहुतेक पोटापाण्याला दुसरं काही करतात आणि संध्याकाळी सरावाला येतात. पण इतिहास ऐकाल तर खूश व्हाल. १८९३ साली पोरांनी क्लब काढला तो क्रिकेटचा! फुटबॉल मागून आला आणि त्यानं क्रिकेटला पार हुसकून लावलं. आपल्या कोल्हापूरच्या तालमी निघाल्या कुस्तीसाठी आणि गाजल्या फुटबॉलनं, तसलाच प्रकार. तेव्हा आल्टोना हॅम्बर्गमध्ये नव्हतंच, स्वतंत्र शहर होतं. १९३८ मध्ये ते हॅम्बर्गला जोडलं. १९०० साली जर्मन फुटबॉल संघटना स्थापन झाली तेव्हा हा क्लब संस्थापकांत होता. आणि १९०३ मध्ये जर्मनीच्या अजिंक्यपदाची पहिलीवहिली फायनल आल्टोनातच, लष्कराच्या कवायतीच्या मैदानावर झाली. लाइपझिगनं प्रागला ७-२ नं हरवलं. रेफ्री याच क्लबचा माणूस, फ्रांझ बेअर. धड बॉल मिळेना म्हणून मॅच अर्धा तास उशिरा सुरू झाली म्हणतात. आपल्या शाहू स्टेडियमवर असं झालं असतं तर काय झालं असतं, ते तुम्हीच सांगा.

मैदानाला आडोल्फ येगर या खेळाडूचं नाव आहे. सगळी उमेद त्यानं याच क्लबात घातली, जर्मनीकडून १८ सामने खेळून ११ गोल केले. आणि गेला कसा, तर नोव्हेंबर १९४४ मध्ये, न फुटलेले बॉम्ब निकामी करण्याच्या कामात. वय ५५. हे ऐकलं तेव्हा ओजस माझा हात धरून उभा होता. त्याला एवढंच सांगितलं की हे आजोबा खूप गोल करायचे.

तिकीट फाडायला, वुर्स्ट (इथलं सॉसेज) भाजायला, झेंडे लावायला सगळे सभासदच. बरेच जण तर तुमच्या वयाचे. एका बाजूला मातीचा उंचवटा, त्यावर पोरं उभी राहून ओरडतात. दुसरीकडे एका कोपऱ्याचं नावच कुरकुऱ्यांचा कोपरा! तिथं म्हातारे उभे राहून रेफ्रीच्या सात पिढ्या काढतात. भाषा मला अर्धीच कळली, सूर पूर्ण कळला. बाबा, तुमची जागा तिथं पक्की.

कपडे बदलायच्या खोलीबाहेर जमिनीत लोखंडी चौकट बसवलीय, तिला दोन्ही बाजूंनी ताठ केसांचे ब्रश. पोरं त्यात पाय खुपसून बुटांच्या खिळ्यांतला चिखल काढतात, मगच आत. ओजस तिथंच दहा मिनिटं रमला. मला आपली मोरी आठवली. आई, चिखलाचे पाय बादलीत बुडवून तू दात-ओठ खात धुवायचीस आणि मग त्याच ओल्या हातानं माझ्या तोंडात चपातीचा घास घालायचीस.

बाकी, २००७ सालीच या मैदानाची जागा घरं बांधायला विकलीय. पण नव्या मैदानाचं वर्षानुवर्षं जमेना, म्हणून खेळ इथंच. त्यामुळे क्लब किती दिवस या जागेवर राहील याची खात्री देत नाही. माझी नोकरी मात्र पक्की आहे, काळजी नको.

आणि खाण्यापिण्याचे हाल नाहीत, आई. तूरडाळ, पोहे, ज्वारीचं पीठ सगळं मिळतं. तुझी कांदा-लसूण चटणी फ्रीजमध्ये अजून अर्धी बरणी आहे, लपवून ठेवलीय. घर उबदार आहे, स्वेटर विणत बसू नकोस, डोळ्यांना ताण. नवं घर तळमजल्यावरच बघतोय, बाबांच्या गुडघ्यासाठी. तुमच्या खोलीची खिडकी उन्हाची असेल, आणि देव्हारा कुठं ठेवायचा ते आई ठरवेल. आम्ही इथं राहिलो म्हणजे तुम्हाला सोडलं असं कृपा करून मनात आणू नका. गणपतीला आम्ही येतोय, मेमध्ये तुम्ही यायचं. व्हिसा नव्वद दिवसांचा मिळतो, तेवढे पुरे राहायचं. "घर कोण बघणार" हे कारण चालणार नाही, किल्ली शेजारच्या वहिनींकडे द्या, मी बोललोय त्यांच्याशी.

आता ऐका. पीटीएम-दिलबहार या तालमींची मॅच असली तरी बाबांनी स्टेडियमच्या पायऱ्या चढायच्या नाहीत. मोबाईलवर दिसते, मी लावून दिलंय. बीपीची गोळी नाश्त्यानंतर, मिसळीनंतर नव्हे. मिसळ हा नाश्ता नाही. आई, साखरेची तपासणी रिकाम्या पोटी करायची, चहा "फक्त अर्धा कप" घेऊन नाही. लोणचं कमी. वरच्या माळ्यावर कुणीही चढू नये, माझी जुनी पुस्तकं आहेत तिथंच राहू देत.

रागावला असाल तर रविवारी फोन करून रागवा, फक्त बोला. ओजस गोल कसा झाला ते आजोबांना सांगायला टपलाय. गोल त्यानं केलेला नाही, पण त्याला तसं सांगू नका.

तुमचा,
बंड्या

ता. क. गुडघ्याच्या एक्स-रेचा फोटो उजेडात धरून काढा, मागच्या वेळी त्यात पंखाच दिसत होता. उद्याच पाठवा.