वापरलेल्या फ्रंट लोडरच्या कंट्रोल व्हॉल्व्हबाबत तक्रार

प्रति,
सेवा विभाग प्रमुख

विषय: रिकंडिशन फ्रंट लोडरचा सदोष कंट्रोल व्हॉल्व्ह आणि चुकीची होज जोडणी

महोदय,

तुमच्याकडून घेतलेला वापरलेला फ्रंट लोडर तुमच्याच फिटरने आमच्या जुन्या ट्रॅक्टरवर बसवला. पहिल्या दिवसापासून चार तक्रारी आहेत. भरलेली बकेट उचलायला 12 सेकंद लागतात. वर थांबवलेला बूम (बकेट उचलणारे हात) आपोआप खाली बसतो. लिव्हर ओढल्याबरोबर बूम आधी झटका देऊन खाली जातो, मग वर येतो. आणि मागच्या लिफ्टने अवजार उचललं की लोडरच्या लिव्हरखालून तेल गळतं. यावर तुमचं लेखी उत्तर एका ओळीचं आहे: "ट्रॅक्टरचा पंप जुना असल्याने दाब मिळत नाही, सिलिंडरची सील किट बदलून घ्यावी." दोन्ही गोष्टी मोजून पाहिल्या. दोन्ही चुकीच्या निघाल्या.

आधी पंप. रिकामी बकेट 5 सेकंदांत वर जाते. दोन्ही लिफ्ट सिलिंडर 50 मिमी बोअर (आतला व्यास) आणि 500 मिमी स्ट्रोकचे (रॉडची चाल), म्हणजे मिळून जेमतेम 2 लिटर तेल. मिनिटाला 25 लिटर देणाऱ्या पंपाला तेवढाच वेळ लागायला हवा. पण दमलेला पंपही बिनभाराने छान चालतो, म्हणून तेवढ्यावर थांबलो नाही. पंपाच्या आउटलेटला तीन तोंडांचा जोड लावून 250 बारचं ग्लिसरीन गेज (दाबमापक) आणि पुढे नीडल व्हॉल्व्ह (तेलाची वाट हळूहळू आवळणारी तोटी) जोडला. तेल गरम, इंजिन 1500 आरपीएमवर. व्हॉल्व्ह पूर्ण उघडा असताना 10 लिटरचा कॅन 24 सेकंदांत भरला. नीडल आवळून दाब 130 बारवर धरला तेव्हा 26 सेकंद लागले. ट्रॅक्टरचा स्वतःचा रिलीफ (दाब ठरावीक मर्यादेला पोचला की उघडून तेल सोडून देणारा व्हॉल्व्ह) 150 बारला उघडतो. याला थकलेला पंप म्हणत नाहीत. तेलाची पातळी बकेट जमिनीवर, सिलिंडर आत गेलेले असताना पाहिली आहे, सक्शन जाळी धुतली आहे, तेलात फेस नाही.

तेच गेज मग तुमच्या कंट्रोल व्हॉल्व्हच्या सिलिंडर पोर्टला (सिलिंडरकडे तेल सोडणाऱ्या तोंडाला) लावलं, पोर्ट बंद ठेवून लिव्हर ओढला. काटा 95 बारवर अडकला. रिलीफचा स्क्रू दीड फेरा आवळला तरी 97. (परत मूळ जागी आणला आहे, उगाच आवळत बसणं आम्हालाही पसंत नाही.) 150 बारला 50 मिमीचा एक सिलिंडर साधारण 3 टन रेटा देतो, 95 ला 1.9 टन. भार आला की रिलीफ आधीच उघडतो, तेल बायपास होतं, म्हणून 12 सेकंद लागतात आणि तासाभरात व्हॉल्व्हला हात लावता येत नाही इतका तो तापतो. रिलीफचं कार्ट्रिज काढून पाहिलं तर सीटच्या (रिलीफ बंद होताना जिथे टेकतो त्या बैठकीच्या) कडेला नखाला लागेल एवढी खाच आहे. अशा सीटवर स्प्रिंग कितीही दाबा, दाब चढणार नाही.

सील किटचा सल्ला त्याहून वरताण. पिस्टन सील गेलं की बूम बसतो, ही सगळीकडे ऐकू येणारी समजूत आहे. पण पिस्टनच्या एका बाजूचं तेल दुसऱ्या बाजूला गेलं तरी तिथे रॉडने जागा अडवलेली असते, सगळं तेल तिथे मावत नाही. बूम खाली यायचा तर तेल सिलिंडरच्या बाहेर पडावं लागतं, आणि होज कोरडे असताना बाहेर पडायला वाट एकच, स्पूल (लिव्हरने सरकणारा कंट्रोल व्हॉल्व्हमधला दांडा). भरलेली बकेट वर ठेवून इंजिन बंद केलं, बूमच्या पिनपाशी मोजपट्टी लावली: 10 मिनिटांत 240 मिमी खाली. नंतर बूम स्टँड आणि जॅकवर टेकवून, दाब सोडून, दोन्ही सिलिंडरचे चारही पोर्ट स्टीलच्या प्लगने बंद केले आणि जॅक उतरवला. पहिल्या मिनिटात 6 मिमी बसला, पुढची 30 मिनिटं हलला नाही.

तरीही सील वेगळी तपासली, कारण प्लगची चाचणी सीलबद्दल काही सांगत नाही. बूम जमिनीवर, रॉडकडची पिन काढली, सिलिंडर मोकळा पूर्ण बाहेर काढला, रॉडच्या बाजूचा होज सोडून पोर्टखाली डबा ठेवला आणि मागून दाब दिला. डावा कोरडा. उजव्याचे मिनिटाला चार थेंब. याला सील गेलं म्हणायचं असेल तर कठीण आहे.

झटक्याचं कारण लोड चेक (भाराने तेल मागे येऊ न देणारा, बॉलने बंद होणारा व्हॉल्व्ह) उघडल्यावर दिसलं. बॉलखाली पांढऱ्या टेफ्लॉन टेपचा 2 सेंटीमीटरचा पिळलेला तुकडा. बॉल बसत नाही, त्यामुळे दाब तयार होईपर्यंत बूमचं वजन तेल मागे ढकलतं. तुमच्या फिटरने बीएसपी पॅरलल (निमुळते नसलेल्या, सरळ) आट्यांवर टेप गुंडाळली आहे. तिथे सीलिंग डावटी वॉशर (आतल्या कडेला रबर चिकटवलेला धातूचा वॉशर) करतो, टेप फक्त तुटून व्हॉल्व्हमध्ये जाते. अजून किती तुकडे आत फिरत असतील, देव जाणे.

सगळ्यात गंभीर चूक जोडणीची. व्हॉल्व्हमधून पुढे लिफ्टला जाणारं तेल T पोर्टातून (टाकीकडे परतीच्या तोंडातून) घेतलं आहे, आणि पॉवर बियॉन्डच्या पोर्टला (पुढच्या यंत्रणेला दाबाचं तेल देण्यासाठीच्या तोंडाला) ती वाट वेगळी करणारी स्लीव्ह न टाकता साधा प्लग मारलेला आहे. टाकीला जाणारी वेगळी लाइनच नाही. त्यामुळे मागे अवजार उचललं की लिफ्टचा सगळा दाब T पोर्टावर उलटतो. स्पूलच्या टोकांचे ओ-रिंग रिटर्नचा किरकोळ दाब सोसण्यासाठी असतात, म्हणून लिव्हरखाली लाल रंगावरून तेलाचा ओघळ नेमका तेव्हाच येतो. उद्या बॉडीला तडा गेला तर तोही ट्रॅक्टर जुना म्हणून का?

फोनवर तुमच्या माणसाने होजवरून हात फिरवून गळती शोधायला सांगितलं, तेही नोंदवतो. या दाबाला सुईएवढ्या भोकातली धार कातडीत शिरते आणि हात गमावायची पाळी येते. गळती पुठ्ठा धरून शोधतात. असला सल्ला कुणालाही देऊ नका.

बिलावर कंट्रोल व्हॉल्व्ह आणि सिलिंडरची तीन महिन्यांची हमी लिहिलेली आहे आणि ती चालू आहे. आमची मागणी अशी:

व्हॉल्व्ह बदलून द्यावा. नुसता रिलीफ बदलून चालणार नाही, स्पूलही गळतात. नव्या व्हॉल्व्हला पॉवर बियॉन्ड स्लीव्ह असावी आणि T पोर्टातून टाकीला स्वतंत्र रिटर्न होज द्यावा. रिलीफ 140 बारला, म्हणजे ट्रॅक्टरच्या रिलीफच्या खाली, आमच्यासमोर गेज लावून सेट करावा. सर्व जोडण्यांची टेप काढून डावटी वॉशर घालावेत, होज आणि सिलिंडर फ्लश करावेत, फिल्टर आणि त्यात वाया जाणारं तेल तुमच्या खर्चाने. काम झाल्यावर भरलेल्या बकेटची 10 मिनिटांची चाचणी घेऊन आकडा कागदावर सही करून द्यावा.

गेजचे, खाच पडलेल्या सीटचे आणि टेपच्या तुकड्याचे फोटो सोबत जोडले आहेत. तुकडा पिशवीत जपून ठेवला आहे. तोपर्यंत लोडर उतरवून ठेवला असून लिफ्टची लाइन पूर्ववत थेट जोडली आहे. पंधरा दिवसांत फिटर पाठवावा, आणि येताना त्याने गेज सोबत आणावं.

आपला,
ग्राहक
(सोबत: बिलाची प्रत, आपले उत्तर, फोटो)