यादीतले चार पाहून झाले

प्रिय बाळा,

पोचल्याचा निरोप बाबांच्या फोनवर आला, माझ्या नाही. माझंच चुकलं. ‘तीन तास ही बाई नुसती घरकाम करतेय, याला काय सिनेमा म्हणायचं?’ एवढ्यावर गप्प बसले असते तर तू हसून सोडून दिलं असतंस. पण असले सिनेमे बघून बघूनच तू अशी घुमी झालीस, हेही मी बोलून गेले. तू लॅपटॉप मिटलास आणि आत गेलीस. सकाळी निघताना नमस्कार केलास, पण तोंडातून शब्द नाही.

तुझ्या टेबलावर सिनेमांची यादी राहिली होती. माझ्यासाठी ठेवलीस की विसरलीस, कोण जाणे. त्यातले चार पाहून झाले. खालची इंग्रजी अक्षरं वाचायला मला वेळ लागतो, म्हणून थांबवत थांबवत पाहिले. मत मागितलं नाहीस तरी देते.

आधी भांडणाचा. ‘जान डीलमान’, १९७५चा, २०१ मिनिटांचा. तो काढणारी शांताल आकरमान तेव्हा जेमतेम पंचविशीची, म्हणजे तुझ्याहून लहानच. या खेपेला शेवटपर्यंत पाहिला. पहिल्या दिवशी ती बाई सगळं नेमानं करते. खोलीत शिरताना दिवा लावते, निघताना मालवते. कॅमेरा जागचा हलत नाही. दुसऱ्या दिवशी तिचे बटाटे जास्त शिजून जातात आणि ती पातेलं हातात घेऊन घरभर फिरते, त्याचं काय करावं तेच तिला सुचत नाही. तिथे मी सिनेमा थांबवला आणि बराच वेळ नुसती बसून राहिले. आजीच्या आजारपणात मीही अशीच करपलेलं दुधाचं भांडं घेऊन फिरले होते. कुणी पाहिलं नाही असं इतकी वर्षं धरून चालले होते. तू तेव्हा सात वर्षांची, कोपऱ्यात चित्रं काढत बसलेली. लहानपणी घरातल्या बायकांना कामं करताना पाहिलं, त्यातून हा सिनेमा आला, असं आकरमान सांगायची म्हणे. तू पाहत होतीस का गं?

२०२२मध्ये ‘साइट अँड साउंड’ मासिकाच्या कौलात समीक्षकांनी याला आजवरच्या सगळ्या सिनेमांत पहिला नंबर दिला. असेल. शेवट मात्र मला पटला नाही. तिचं सगळं बिनसत गेलेलं आपल्याला दिसलेलं असतं, पुढचं ते कृत्य नसतं तरी चाललं असतं. तू वाद घालशील. घाल. पण हा सिनेमा तू रात्री दोनला एकटी का पाहत होतीस, ते माझ्या मनातून जात नाही. असो. त्याविषयी लिहायचं नाही असं ठरवून बसले आहे.

ओझू या जपानी दिग्दर्शकाच्या ‘टोकियो स्टोरी’पुढे (१९५३) तू लिहिलंयस, ‘मोठी मुलगी निर्दय’. नाही गं. तिला तिचं सलून चालवायचं असतं. गावाहून भेटायला आलेल्या आईवडिलांना आतामीला, समुद्राकाठच्या हवा खायच्या ठिकाणी, धाडते आणि तिथल्या गोंगाटानं त्यांना रात्रभर झोप लागत नाही, हे चुकलंच तिचं. पण आई वाचत नाही म्हटल्यावर ती रडते, आणि नंतर आईचे कपडेही मागते. दोन्ही खरं असतं. माझी आई गेली तेव्हा मी ती निळी साडी मागितली होती. तुझ्या मावशीला ते अजून लागून राहिलंय. सगळे त्या विधवा सुनेचं कौतुक करतात, मलाही ती आवडली. पण धावपळीतल्या मुलांना मी दोष देत नाही. तुलाही देत नाही. जेवतेस ना वेळेवर, एवढंच.

सगळ्यात आवडला फरहादीचा इराणी ‘अ सेपरेशन’, २०११चा. प्रत्येकाचं बरोबर वाटतं आणि तरी सगळे एकमेकांना दुखवत जातात. शेवटी न्यायाधीश त्या मुलीला विचारतात, आईकडे राहायचं की वडिलांकडे. आईवडील बाहेर थांबतात. तिचं उत्तर आपल्याला ऐकवतच नाहीत. तू दहावीत होतीस तेव्हा मी तुला मधल्या दारात उभं करून विचारलं होतं, ‘तूच सांग, कोणाचं चुकतंय?’ विचारायला नको होतं. माफ कर.

बेला तारचा ‘द ट्युरिन हॉर्स’ मला अजिबात आवडला नाही. तोही २०११चा. बापलेक, वारा, आणि रोज एकेक उकडलेला बटाटा. अडीच तासांत जेमतेम तीस शॉट, कसब मोठंच. पण ओझूकडे दुःख आपल्या पायांनी घरात येतं, इथे ते वरून ओतलंय. शेवटी दिवासुद्धा पेटत नाही. आणि यालाच तू तीन चांदण्या दिल्यास! का गं? बरी आहेस ना? रात्री झोप. माणसांत जा. खिडक्या उघड्या ठेव. असला सिनेमा पाहायचाच तर कुणाला तरी शेजारी बसवून पाहा, आणि लगेच दुसरा लावू नकोस, आणि... पुन्हा सुरू झाले मी. राहू दे. तुझ्या वयात माझी अशी स्वतःची आवडच नव्हती. लोक म्हणतील ते चांगलं. तुला स्वतःचं मत आहे, याचा मला फार अभिमान आहे. हे त्या रात्री बोलायचं होतं.

पाचवा राहिलाय, जॉन कॅसाव्हेटिसचा, १९७४चा, ‘अ वुमन अंडर द इन्फ्लुअन्स’. त्याच्यापुढे लिहिलंयस, ‘घर गहाण टाकून काढला. त्याच्या आईनं आणि सासूनं काम केलं.’ त्याखाली पेन्सिलीनं ‘आई?’ लिहून खोडलंयस. उजेडात धरलं की दिसतं.

तू सिनेमा काढणार आहेस का? रात्री जागतेस ती त्यासाठी का? तसं असेल तर मी काय काय मनात आणत होते! पैशाचं बाबांशी मी बोलते, तू आधी कर्जबिर्ज काढू नकोस. संवाद माझे पाठ होणार नाहीत. पण भांडी घास म्हणालीस तर तीन तास घाशीन, कॅमेऱ्याकडे न बघता.

उत्तर लिही. दिवसा लिही.

तुझी,
आई